पीक कमी आलं, तरी भाव का पडला? तूर-हरभऱ्याचा हिशेब, खरेदीदाराच्या बाजूने

प्रश्न अमळनेरकडच्या एका तरुण शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: २०२४ मध्ये तुरीने दहा हजारांच्या वरचा भाव दाखवला, म्हणून कपाशीत तुरीचे तास, म्हणजे ओळी, वाढवल्या. शिवारात पीक काही धड आलं नाही, कुणाच्याच घरात नेहमीइतकी पोती नव्हती. तरी २०२५ च्या सुरुवातीला बाजारात तूर सात हजारांच्या आसपास, म्हणजे ७,५५० च्या हमीभावाच्याही खाली. माल कमी तर भाव जास्त, हे शाळेत शिकलो ते खोटं का? आणि हरभरा निघाला की लगेच विकावा की थांबवावा?

भाऊ, शाळेतलं खोटं नाही. पण तुम्ही माल मोजला तो आपल्या शिवारातला, आणि भाव ठरला तो देशातल्या मालावर. त्यातही यंदा किती पिकलं यापेक्षा, पुढचं पीक येईपर्यंत हातात किती शिल्लक राहणार, यावर बाजार चालतो. ही शिल्लक आता निम्मी शेतात आणि निम्मी बंदरावर ठरते. बाकी सगळं याच्याच तपशिलात आहे.

आधी एक सांगून ठेवतो. मी जळगावच्या डाळ मिलसाठी खरेदी करण्यात आयुष्य घालवलेला माणूस आहे. घरची शेती चोपड्याकडे आहे, पण पोट खरेदीवर भरलं. तेव्हा मी जे सांगेन ते लिलावात तुमच्या समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या माणसाचं आहे, हे धरून वाचा.

आमच्या मिलला तूर लागते तेव्हा आम्ही फक्त अमळनेर, चोपडा, पाचोरा बघत नाही. अकोल्याचा भाव विचारतो, लातूरचा विचारतो, कर्नाटकातल्या कलबुर्गीचा विचारतो, आणि मुंबई-चेन्नईला ब्रह्मदेशची लेमन तूर काय भावाने मिळते तेही विचारतो. सकाळी पहिला फोन बहुतेक वेळा बंदराचाच असतो. खान्देशात तूर मुख्यतः कपाशीतलं आंतरपीक. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, चव वेगळी आहे, पण देशाचा भाव हलवेल इतका तो माल नाही. आपल्याकडे पीक पूर्ण गेलं तरी कलबुर्गी आणि मराठवाडा चांगला असेल, तर बाजाराला फरक पडत नाही. उलट आपल्याकडे भरपूर आली आणि तिकडे मर रोग पडला, तर भाव आपल्या दारात येऊन वाढतो.

आता २०२४-२५ चे आकडे बघा, गोल आकड्यांत. देशात तूर पिकली साधारण ३५ लाख टन. देशाला वर्षाला लागते ४५ लाख टनांच्या आसपास. म्हणजे दहा लाख टनांची तूट. एवढंच पाहिलं तर तेजी यायला हवी होती. पण त्याच आर्थिक वर्षात बाहेरून तूर आली सुमारे १२ लाख टन. तूट भरून वर माल उरला. आणि त्याच्या जोडीला पिवळा वाटाणा आला, २० लाख टनांहून जास्त. सगळ्या कडधान्यांची मिळून आयात ७० लाख टनांच्या आसपास गेली. त्याच्या आदल्या वर्षी ती ४७ लाख टन होती. आता सांगा, तुमच्या शिवारातल्या कमी पोत्यांना कोण विचारणार होतं?

पिवळ्या वाटाण्याचा तुरीशी काय संबंध, असं बरेच जण विचारतात. संबंध खानावळीच्या पातेल्यात आहे. गिऱ्हाईक महागाईत वरण सोडत नाही, पण वरणात काय पडतं ते बदलतं. तूरडाळ महाग झाली की खानावळवाला मूग, मसूर, हरभरा डाळ मिसळतो. हरभरा महाग झाला की वाटाण्याची डाळ आणि पीठ त्याची जागा घेतं. आपल्याकडे शेवभाजी रोजची, त्यात फरसाणाचे कारखाने. त्यांना पीठ लागतं, आणि सगळ्याच पाकिटांवर 'शुद्ध हरभऱ्याचं बेसन' असं लिहिलेलं नसतं. बंदरावर वाटाणा साडेतीन हजारांच्या आसपास आणि हरभरा साडेपाच हजार, असा फरक असताना पीठवाला कुठे वळेल? हरभऱ्याची मागणी घटली की हरभरा डाळ स्वस्त होते, आणि तूरडाळीकडून काही गिऱ्हाईक तिकडे जातं. एका कडधान्याचा भाव एकट्याने कधी पडत नाही, चढतही नाही. घरातसुद्धा हेच चालतं. उडीद महागला की कळण्यातलं उडदाचं प्रमाण कमी होतं, ज्वारीचं वाढतं. कळण्याची भाकरी ताटातून जात नाही.

म्हणून धान्य-कडधान्याच्या मागणीचा स्वभाव दुहेरी आहे. एकूण खाणं फारसं हलत नाही. लग्नसराईत वरण-बट्टीला डाळ लागणारच, भाव काहीही असो. त्यामुळे एकूण माल पाच-सात टक्के कमी पडला तरी भाव तीस-चाळीस टक्के उसळू शकतो, आणि पाच-सात टक्के जास्त झाला तर तितकाच आपटतो. पण एका जिनसाकडून दुसऱ्याकडे मागणी सरकते ती झटकन. सरकारलाही हे माहीत आहे. म्हणूनच तूर महागली की ते तुरीबरोबर वाटाण्याचंही दार उघडतं.

हे आपटणं आपण एकदा चांगलं पाहिलंय. २०१५ च्या शेवटी तूरडाळ किरकोळीत किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली होती. गोदामांवर छापे पडले, साठा मर्यादा लागली. मोझांबिकशी तूर आणण्याचा करार २०१६ मध्ये झाला. शेतकऱ्याने भाव बघून पेरा वाढवला, पाऊसही साथीला आला. २०१५-१६ ला साडेपंचवीस लाख टनांच्या आसपास असलेली तूर २०१६-१७ ला ४८ लाख टनांच्या वर गेली. एका वर्षात जवळजवळ दुप्पट! हमीभाव बोनससह ५,०५० होता आणि बाजार चार हजारांच्या आसपास, कुठे त्याहून खाली घोटाळत होता. खरेदी केंद्रांवर बारदान संपलं, टोकन घेऊन ट्रॅक्टर दिवसेंदिवस उभे राहिले. आयातीवर बंधन आलं ते ऑगस्ट २०१७ मध्ये, तुरीला वर्षाला दोन लाख टनांचं. तोवर सामान्य शेतकऱ्याची तूर विकून झाली होती. त्याच वर्षाच्या शेवटी हरभऱ्यावर ३० टक्के शुल्क लागलं, आणि मार्च २०१८ पर्यंत ते ६० टक्क्यांवर गेलं. पुढे मे २०२१ मध्ये तुरीची आयात पुन्हा मोकळी झाली, आणि तेव्हापासून तिची मुदत वाढतच आली.

माझं मत विचाराल तर दोष आयातीचा नाही, तिच्या वेळेचा आहे. दहा लाख टन कमी पडत असेल तर आणावंच लागेल. शहरातल्या मजुराने वरण खायचं की नाही? पण तुरीच्या बिनशुल्क आयातीची मुदत ३१ मार्च २०२५ ला संपणार होती आणि ती आणखी एक वर्ष वाढवल्याचं जाहीर झालं जानेवारीत. जानेवारी म्हणजे तूर काढणीचा, मळणीचा, बाजारात पहिली पोती येण्याचा महिना. हाच निर्णय एप्रिलमध्ये आला असता तर मिलवाल्यांनी डिसेंबर-जानेवारीत घाईने खरेदी केली असती, कारण पुढे काय होईल याची धास्ती असती. ती धास्तीच शेतकऱ्याला दोन-चारशे रुपये जास्त देते. मला ती नको असते, हे उघड आहे. पण खरं ते खरं.

आता मिलवाला लिलावात आकडा बोलतो तो कुठून काढतो, ते दाखवतो. व्यापारात याला पडता म्हणतात. हिशेब समजण्यापुरता आहे, आकडे रोज बदलतात. समजा एक क्विंटल तूर ७,२०० ला पडली. बाजार फी, हमाली, भाडं, वीज, मजुरी, तेल-पाणी धरून वर ३५० रुपये. झाले ७,५५०. एक क्विंटलमधून चांगली डाळ निघते ७२ किलोच्या आसपास. चार किलो खांडा म्हणजे तुटकी डाळ, वीस किलो चुनी-भुसा, बाकी कचरा आणि घट. खांडा आणि चुनी विकून समजा ६०० रुपये सुटले, कारण चुनीला गुरांच्या खाद्यात गिऱ्हाईक असतं. राहिले ६,९५०. भागिले ७२, म्हणजे डाळ किलोला साडेशहाण्णव रुपयांना पडली. आता बाजारात घाऊक डाळ ९७ ने जात असेल तर माझ्या हाताला पन्नास पैसे. ९५ ने जात असेल तर मी लिलावात तुमच्या ढिगाजवळून पुढे सरकतो. तुम्हाला वाटतं व्यापाऱ्यांनी संगनमत केलं. कधी ते असतंही, नाही म्हणत नाही. पण बहुतेक वेळा सगळ्यांचा पडता एकच निघालेला असतो, म्हणून सगळे एकाच आकड्यावर थांबतात.

याच हिशेबात बंदर घुसतं. लेमन तूर मुंबईला ६,८०० ने मिळाली, जळगावपर्यंत भाडं-हमाली २००, तर मिलच्या दारात ७,०००. तिचा दाणा बारीक, डाळीचा उतारा थोडा कमी, म्हणून आपल्या ठोकळ, कोरड्या तुरीला मी शंभर-दोनशे जास्त देईन. पाचशे जास्त नाही देणार. म्हणजे आपल्या तुरीचं छत बंदराने घातलंय. आणि ओली तूर आणली तर तेही नाही. ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला की मिलमध्ये डाळ नीट फुटत नाही, उतारा दोन-तीन किलोने घसरतो. वरच्या हिशेबात ७२ च्या जागी ६९ घाला आणि स्वतःच बघा, क्विंटलमागे तीनशे रुपये कुठे गेले ते कळेल. मुरलेला खरेदीदार ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतली मूठ बाहेर काढतो, दोन दाणे दाढेखाली धरतो. कट् आवाज आला तर पुढे बोली. नाही आला तर "आज काय भाव शे?" असं विचारणाऱ्यालाच तो उलट विचारतो, किती दिवस वाळवली? ओलावा मोजायचं यंत्र असतंच, पण पहिला निकाल दाढेचा.

मिलवाल्याचा हात आखडण्याचं आणखी एक कारण साठा मर्यादा. जून २०२३ मध्ये तूर-उडदावर ती लागली, २०२४ मध्ये तूर आणि हरभऱ्यावर. घाऊक व्यापाऱ्याला २०० टन, किरकोळ दुकानदाराला ५ टन, मिलला मागच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यांपैकी जे जास्त ते. शेतकऱ्याला ही मर्यादा लागू नसते. पण काढणीच्या दोन महिन्यांत जो माल येतो तो कुणीतरी उचलून वर्षभर सांभाळायला हवा ना? पूर्वी ते काम व्यापारी आणि मिल करायचे, भांडवल त्यांचं अडकायचं. त्यांना हात आखडायला लावलं की सांभाळायचं ओझं शेतकऱ्यावर येतं, आणि ज्याला सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचंय त्याला ते पेलत नाही. त्यात हरभऱ्याचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, ऑगस्ट २०२१ मध्ये बंद झाले, तुरीचे तर २००७ मध्येच. वायद्यात सट्टा होता, कबूल. पण सप्टेंबरचा भाव मार्चमध्ये काय बोलला जातोय, ते गावात बसून कळायचं. आता तुम्ही आणि मी दोघेही अंदाजावर चालतो, आणि अंदाज चुकण्याची किंमत माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त पडते.

बाकीच्या पिकांना हाच हिशेब लावला तर प्रत्येकाचं छत आणि तळ वेगळा निघतो.

गव्हात तळही सरकार आणि छतही सरकार. ८१ कोटी लोकांना रेशनवर धान्य जातं, त्यासाठी अन्न महामंडळ खरेदी करतं. मे २०२२ मध्ये गव्हाची निर्यात बंद केली, भाव चढला की महामंडळ खुल्या बाजारात गहू सोडतं. त्या २०२२ सालीच खरेदी ४३३ लाख टनांवरून १८८ लाख टनांवर आली होती, म्हणून सरकार तेव्हा घाबरलं. २०२५ ला ती ३०० लाख टनांपर्यंत सावरली. खान्देशात यापेक्षा जवळची गोष्ट म्हणजे मध्य प्रदेश. तिथल्या सरकारने २०२५ मध्ये २,४२५ च्या हमीभावावर १७५ रुपये बोनस दिला. बोनस तिथल्याच शेतकऱ्याला मिळतो, पण तिकडचा गहू सरकारी केंद्राकडे वळला की सेंधवा-बऱ्हाणपूरकडून इकडे येणारे ट्रक कमी होतात, आणि शिरपूर, रावेरच्या लोकवनला आधार मिळतो.

मका जरा जास्त सांगण्यासारखा आहे, कारण खान्देशात कपाशीचं रान मक्याकडे वळतंय. मक्याला माणूस फार खात नाही. खातात कोंबड्या, स्टार्चचे कारखाने आणि आता इथेनॉल. दोंडाईचाला स्टार्चचा कारखाना आहे, नवापूरला पोल्ट्री आहे. अशा मागणीचा धोका वेगळाच. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. कोंबडीच नाही तर खाद्य कुणाला विकणार? पीक तेच, पाऊस तोच, आणि गिऱ्हाईक एका आठवड्यात गायब.

इथेनॉलने याच्या उलटं केलं. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आलं, मक्याला मागणी वाढली, आणि वर्षानुवर्षं मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये मका आणू लागला. एक क्विंटल मक्यातून ३८ लिटरच्या आसपास इथेनॉल निघतं. पण खाली तीसेक किलो चोथाही उरतो, आणि त्यात प्रथिनं असतात. तो चोथा स्वस्तात पशुखाद्यात गेला, त्याने सोयापेंडीचा भाव खाल्ला, मक्याच्याही खाद्य-मागणीला चाट लावली. वरून सरकारने महामंडळाचा तांदूळ २,२५० रुपये क्विंटलने इथेनॉलसाठी मोकळा केला. मक्याचा हमीभाव २,४०० आणि तांदूळ २,२५०! कारखानदार काय घेईल? २०२५ च्या खरिपाचा मका हमीभावाच्या बराच खाली विकला गेला त्यात या दोन्हींचा वाटा होता. पीकही भरपूर होतं, ते आहेच.

आणि आपली दादर ज्वारी. हिला आयात नाही, मोठी सरकारी खरेदी नाही, दूरचं गिऱ्हाईकही बेताचं. तापीकाठच्या काळ्या रानात ओलीवर येते. रेशनच्या गहू-तांदळाने गावातली भाकरी मागे सारली, म्हणून मागणी घटली. पण पेरा त्याहून जास्त घटला, म्हणून चांगल्या पांढऱ्या दादरला गिऱ्हाईक घरी येऊन विचारतं. शिवाय कडबा. ज्याच्या दारात दोन म्हशी आहेत त्याने दादरचा हिशेब दाण्यावर मांडूच नये, कडब्यावर मांडावा. दाणा त्याला वरकड.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, हरभरा थांबवायचा का?

आधी थांबवण्याचा खर्च मांडा. समजा मार्चमध्ये ५,४०० मिळतायत. पाच महिने ठेवला. पैशाचं व्याज शेकडा एक रुपया महिना धरलं तर २७० रुपये. घट आणि कीड मिळून दोन टक्के, म्हणजे १०८. गोदाम भाडं क्विंटलला महिना दहा रुपये, ५०. झाले ४२८. म्हणजे ऑगस्टमध्ये ५,८२५ च्या पुढे जो भाव मिळेल तेवढीच कमाई. ५,७०० ला विकून "तीनशे जास्त मिळाले" असं सांगणारे मी खूप पाहिलेत. हिशेबाने त्यांना सव्वाशे रुपयांचा तोटा झालेला असतो. सावकाराचं दोन-तीन रुपये शेकडा कर्ज डोक्यावर असेल तर विचारूच नका, माल विका आणि कर्ज फेडा. बाजार समितीत शेतमाल तारण योजना चालू असेल तर गणित बदलतं. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम, सहा टक्के वार्षिक व्याज, सहा महिन्यांची मुदत. घरखर्च भागतो आणि माल आपलाच राहतो. सगळ्या समित्या ती सारख्या उत्साहाने राबवत नाहीत. जानेवारीतच जाऊन विचारा, मार्चमध्ये गोदामात जागा नसते.

खर्च कळला की जहाजांचं वेळापत्रक बघा. ऑस्ट्रेलियाचा हरभरा ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघतो आणि डिसेंबर-जानेवारीत आपल्या बंदरावर लागतो. आपल्याकडे बेसनाची खरी मागणी श्रावणापासून दिवाळीपर्यंत. म्हणजे हरभरा थांबवणाऱ्याची खिडकी जुलै ते ऑक्टोबरची पहिली तारीख, त्यापुढे हाव धरू नये. तुरीचं तसंच. मोझांबिक आणि पूर्व आफ्रिकेची तूर ऑगस्ट-सप्टेंबरला निघते, सप्टेंबर ते नोव्हेंबर जहाजं लागतात. तूर थांबवली असेल तर ऑगस्टच्या आत बाहेर पडा. एप्रिल-मेच्या लग्नसराईत एक हलकी तेजी येते, ज्याला पैशाची निकड आहे त्याने तीच साधावी.

शुल्काच्या बातम्या वाचताना टक्का वाचू नका, त्याचे रुपये करा. हरभऱ्यावरचं शुल्क मे २०२४ मध्ये काढलं होतं, १ एप्रिल २०२५ पासून दहा टक्के लागलं. बाहेरचा माल साडेपाच हजारांनी पडत असेल तर दहा टक्के म्हणजे साडेपाचशे रुपये. इतकं आपल्या मालाचं छत वर गेलं. पिवळ्या वाटाण्यावर १ नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के लागले, म्हणजे हजाराच्या आसपास. बातमी मोठी. पण त्याआधी बंदरावरच्या गोदामांत किती वाटाणा भरून ठेवलाय, तो संपेपर्यंत शुल्क कागदावरच राहतं. बाजार लगेच उसळला नाही म्हणून शुल्क निरुपयोगी ठरत नाही, दोन-तीन महिने थांबावं लागतं.

सगळा माल एका दिवशी विकू नका आणि सगळा थांबवूही नका, हे सगळेच सांगतात. मी थोडं नेमकं सांगतो. निम्मा माल फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत काढा. मार्चअखेर हिशेबासाठी बाजार समित्या काही दिवस बंद राहतात, आणि एप्रिलमध्ये उघडल्या की रांगा लागतात. त्या पहिल्या आठवड्यात अमळनेरला माल नेणं टाळा. चोपडा, पारोळा, शिरपूर सगळीकडचा हरभरा तिथे एकदम येतो, मिलचे लोक निवडून घेतात, आणि डागी-मिश्र मालाला कुणी वाली नसतो. उरलेल्यातला जो माल स्वच्छ, चाळणी केलेला, एकाच वाणाचा आहे तोच थांबवा. काबुली असेल तर त्याचं सगळंच निराळं. तो दाण्याच्या आकारावर आणि निर्यातीवर चालतो, वरचं काहीही त्याला लावू नका.

हमीभावाने विकायचं मनात असेल तर तयारी आधी करावी लागते. ई-पीक पाहणीत पिकाची नोंद नसेल तर सातबाऱ्यावर हरभरा दिसत नाही, आणि नोंदणीच्या वेळी केंद्रावरचा माणूस काहीच करू शकत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात तूर, उडीद, मसूर चार वर्षं नाफेड आणि एनसीसीएफ या सरकारसाठी खरेदी करणाऱ्या संस्थांमार्फत घेण्याचं जाहीर झालंय. त्यात हरभरा नाही, त्याची खरेदी नेहमीच्या मर्यादेतच होते. पैसे यायला वेळ लागतो हे धरून चला. पण केंद्र सुरू झालं, नुसतं सुरू झालं, तरी लिलावातला आकडा शे-दोनशेने वर सरकतो. तेव्हा केंद्रावर माल घालायचा नसला तरी नोंदणी करून ठेवा आणि आपल्या तालुक्यात केंद्र वेळेवर उघडावं म्हणून आग्रह धरा. आम्ही खरेदीदार त्या तारखेकडे डोळे लावून बसलेले असतो, तिच्या आधी जमेल तितकं उचलायला.

पुढच्या खरिपात तुरीचे तास किती ठेवायचे, हेही तुम्ही विचारलंय. कपाशीतली नेहमीची तूर ठेवा. ती मोडू नका, वाढवूही नका. २०२५-२६ ला तुरीचा हमीभाव ८,००० होता आणि आयात मोकळी, अशा वर्षी सलग तुरीचं रान धरणं मला पटत नाही. सलग तूर धरायची ती शेजारीपाजारी तूर मोडून मक्याकडे पळत असतील त्या वर्षी, आणि तीही जूनमध्ये मोझांबिकचा पेरा आणि इकडचं शुल्क काय आहे ते विचारून. फोन करा, मला त्या वेळी ते माहीत असतंच. मिलची पुढच्या वर्षाची खरेदी आम्हाला तेव्हाच ठरवावी लागते.